दुर्गाबाई खोटे म्हणजे नुसती जोधाबाई नव्हे

आमच्या कोल्हापुरात सगळ्या ग्रुपवर एक मेसेज फिरायलाय, की अभिनेत्री दुर्गा खोटे पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीमधनं पुढं आल्या, आयुष्यभर आईचे रोल केले आणि वय झाल्यावर काम सुटलं तशा घरी बसल्या. शेअर करणारे आपलेच लोक आहेत, म्हणून जास्त वाईट वाटतं.

पहिलं ते पुण्याचं. अहो, प्रभात 1929 ला इथंच सुरू झाली, पुण्याला गेली ती 1933 ला, आणि 'अयोध्येचा राजा' आला 1932 ला, म्हणजे दुर्गाबाईंची तारामती कोल्हापुरात घडलीय! हरिश्चंद्र आपले गोविंदराव टेंबे, दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचं. तेव्हा प्लेबॅक नव्हतं, कॅमेऱ्यासमोर स्वतःच गायचं, त्यात पिक्चर मराठी आणि हिंदी दोन्हीत, म्हणजे तेच काम दोनदा. मुंबईतल्या खात्यापित्या घरची, सेंट झेवियर्समध्ये शिकलेली बाई, आणि त्या काळात 'चांगल्या घरच्या' बायकांनी सिनेमात जाणं लोकांना खपत नव्हतं, तरी ती इथं येऊन हे सगळं करून गेली.

आईचे रोल? केले की, 'मुगल-ए-आझम'मधली जोधाबाई कोण विसरेल, आणि 'बिदाई'साठी फिल्मफेअरपण मिळालं. पण 1936 च्या 'अमरज्योती'त त्या सौदामिनी होत्या, समुद्रावरच्या लुटारूंची राणी, बायकांवरच्या अन्यायाविरुद्ध उभी राहिलेली. हा रोल गाळून त्यांना 'सोज्वळ आई' म्हणणं मला अजिबात पटत नाही. शिवाय एकाच कंपनीच्या पगारावर बांधून राहायच्या दिवसांत त्या प्रभातबरोबर कलकत्त्याच्या कंपन्यांतपण काम करत होत्या. नाटकाचं तर मेसेजमध्ये नावच नाही, शिरवाडकरांनी शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'वरून केलेल्या 'राजमुकुट'मध्ये लेडी मॅकबेथची भूमिका त्यांनी केलीय.

आणि 'घरी बसल्या' हे तर साफ खोटं. स्वतःची कंपनी काढून शॉर्टफिल्म्स, जाहिराती बनवल्या, आणि 1988 ला दूरदर्शनवर आलेली 'वागले की दुनिया', जी आपण सगळ्यांनी घरात बसून बघितली, ती दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सचीच! तेव्हा बाईंचं वय ऐंशीच्या पुढं होतं. फाळके पुरस्कार त्याआधीच, 1983 चा.

आत्मचरित्रपण स्वतः लिहिलंय, 'मी, दुर्गा खोटे', शांता गोखल्यांनी त्याचं इंग्रजी केलंय. करवीर नगर वाचन मंदिरात चौकशी करा, नाही मिळालं तर मागवायला सांगा.