दोन प्रकरणे नव्हे, एकच आराखडा

प्रजननसंस्थेवरचे बहुतेक पाठ ठरावीक पद्धतीने लिहिलेले असतात. आधी पुरुषाच्या अवयवांची बाजूने छेद घेतलेली आकृती येते, पान उलटले की स्त्रीच्या अवयवांची समोरून काढलेली आकृती येते, आणि या दोहोंचा एकमेकींशी काही संबंध आहे असे सांगणारा एक परिच्छेदही मध्ये नसतो. वाचणाऱ्याचा समज असा होतो, की ही मुळातच निरनिराळी दोन यंत्रे आहेत. ही मांडणी परीक्षेला सोयीची असेल, परंतु शरीर समजून घेण्यासाठी ती उलटी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन्ही संस्था एकत्रच, आणि गर्भाच्या सहाव्या आठवड्यापासून शिकवायला हव्यात.

त्या टप्प्यावर गर्भातील प्रजननग्रंथी पाहून मुलगा की मुलगी हे सांगता येत नाही. प्रत्येक गर्भात दोन नलिकांच्या जोड्या शेजारीशेजारी असतात, वोल्फियन आणि म्युलेरियन. वाय गुणसूत्रावरील एसआरवाय हे जनुक (त्याचा शोध 1990 साली लागला) कार्यरत झाले, तर त्या ग्रंथीचे वृषण बनू लागते. वृषणातील सर्टोली पेशी एक संप्रेरक सोडतात, ज्याने म्युलेरियन नलिका विरून जातात. वृषणातल्याच लायडिग पेशींच्या टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकामुळे वोल्फियन नलिका टिकतात आणि त्यांपासून अधिवृषण, शुक्रवाहिनी व शुक्राशय घडतात. हे संदेश मिळाले नाहीत, तर म्युलेरियन नलिकांपासून बीजवाहिन्या, गर्भाशय आणि योनिमार्गाचा वरचा भाग तयार होतो. विरलेल्या नलिकांच्या खुणाही पुरत्या पुसल्या जात नाहीत. प्रौढ पुरुषाच्या प्रोस्टेट ग्रंथीत म्युलेरियन नलिकेच्या जागेची खूण म्हणून एक इवलीशी पिशवी आयुष्यभर राहते.

आल्फ्रेड जोस्त या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1947 साली सशांच्या गर्भांतील प्रजननग्रंथी काढून टाकल्या, तेव्हा सर्व गर्भांत मादीच्या नलिका वाढल्या. प्रयोग अप्रतिमच होता. मात्र त्यावरून स्त्रीचे शरीर म्हणजे काही न घडल्यास आपोआप उरणारा प्रकार, असा जो अर्थ पुढे रूढ झाला, तो मला कधीच पटला नाही. अंडाशय घडण्यासाठी स्वतःची जनुके कामाला लागावी लागतात, आणि मादीच्या गर्भातील वोल्फियन नलिकासुद्धा नुसत्या उपेक्षेने नाहीशा होत नाहीत, तर त्या हटवणारी सक्रिय यंत्रणा असते, हे 2017 साली उंदरांवरील प्रयोगांत दिसून आले.

बाह्य अवयवांची गोष्ट याहून सरळ आहे. ज्या उंचवट्यापासून शिश्न बनते, त्यापासूनच स्त्रीची शिश्निका (क्लिटोरिस) बनते. ज्या घड्या मध्यरेषेवर जुळून वृषणकोश होतो, त्याच न जुळता राहिल्या की बृहद्भगोष्ठ, म्हणजे योनीच्या बाहेरचे मोठे ओठ, होतात. वृषणकोशाच्या मधोमध दिसणारी रेघ हा त्या जोडाचाच पुरावा आहे. असे असताना शिश्नाची रचना पानभर यावी आणि शिश्निकेच्या वाट्याला एक ठिपका यावा, हा अन्याय शरीराचा नसून आकृती काढणाऱ्यांचा आहे. शिश्निकेचा बाहेरून दिसणारा भाग अगदी लहान असतो. तिचे कित्येक सेंटीमीटर लांबीचे, ताठरणाऱ्या ऊतींचे पाय आत दोन्ही बाजूंना पसरलेले असतात. जर्मन शरीररचनाकार कोबेल्ट यांनी 1844 सालीच ते तपशीलवार दाखवले होते, तरीही ऑस्ट्रेलियाच्या मूत्ररोगतज्ज्ञ हेलन ओ'कॉनेल यांना 1998 साली तीच रचना नव्याने मांडावी लागली.

एकत्र शिकण्याचा फायदा केवळ तात्त्विक नाही. वृषण आणि अंडाशय दोन्हींची सुरुवात पोटात, मूत्रपिंडांच्या आसपास होते. अंडाशय ओटीपोटात थांबते. वृषण मात्र खाली उतरून शरीराच्या बाहेर येते, कारण शुक्राणूंच्या निर्मितीला शरीरापेक्षा दोनतीन अंशांनी कमी तापमान लागते. उतरताना ते आपली रक्तवाहिनी आणि मज्जातंतू बरोबर घेऊन येते. म्हणून वृषणाला मार लागला की कळ पोटात जाते, आणि मूतखड्याची कळ वृषणापर्यंत उतरते. बाळाचे वृषण खाली उतरले आहे की नाही हे वेळेवर तपासणे का महत्त्वाचे, हेही मग वेगळे पाठ करावे लागत नाही.

आराखडा एक म्हटल्याने भेद पुसले जात नाहीत. उलट खरे भेद कोणते ते कळते. माझ्या मते सर्वांत मोठा भेद आकाराचा नसून वेळापत्रकाचा आहे. पुरुषात शुक्राणूंची निर्मिती वयात येताना सुरू होते आणि पुढे अखंड चालते. एक शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. स्त्रीची बीजे तिच्या जन्माआधीच तयार असतात. जन्माच्या वेळी दहा ते वीस लाख, वयात येताना तीनचार लाख, आणि त्यांतून आयुष्यभरात प्रत्यक्ष बाहेर पडतात ती साधारण चारशे ते पाचशे. प्रत्येक बीज अर्धवट झालेल्या विभाजनात थांबलेले असते, ते विभाजन बीज सुटण्याच्या सुमारास पुढे सरकते आणि शुक्राणू आत शिरल्यावरच पूर्ण होते. चाळिसाव्या वर्षी सुटणारे बीज चाळीस वर्षांहून अधिक काळ थांबलेले असते, आणि वाढत्या वयात गुणसूत्रांच्या वाटणीत चुका वाढण्याचे एक कारण हेच मानले जाते.

या पायावर उभे राहिले, की अपवाददेखील विचित्र वाटत नाहीत. एक्सवाय गुणसूत्रे आणि शरीरात वृषण असूनही पेशी टेस्टोस्टेरॉनला प्रतिसादच देत नसतील, तर बाह्य शरीर स्त्रीचे घडते. म्युलेरियन नलिका विरवणारे वृषणांचे दुसरे संप्रेरक मात्र आपले काम करून गेलेले असल्याने गर्भाशय नसते. अशा मुलीचे निदान बऱ्याचदा पाळी आली नाही म्हणून होते. दोन अलग आकृत्या पाठ केलेल्या पालकांना हे समजावून सांगणे डॉक्टरांना फार जड जाते. ज्यांनी सहाव्या आठवड्याची आकृती पाहिली आहे, त्यांना कोणता संदेश पोहोचला आणि कोणता पोहोचला नाही, एवढेच सांगावे लागते.