तीस सेकंदांचा हिशेब

काल रात्री हेडफोन लावून टेक्नोचा, म्हणजे यंत्रांवर बनवलेल्या नाचाच्या संगीताचा, एक ट्रॅक ऐकला. पहिली दीड मिनिटं नुसता ड्रमचा ताल, किक आणि हाय-हॅट. मग दुरून कुठून तरी बेस सरकत सरकत आला आणि अंगावर काटा आला. असे ट्रॅक मला हल्ली फार शोधावे लागतात. माझं ठाम मत आहे की याचं कारण संगीतात कमी आणि पैशाच्या वाटपात जास्त आहे.

ती लांबलचक सुरुवात हौसेची नसते. चालू ट्रॅकशी पुढच्याचा बीट जुळवायला डीजेला जागा लागते, म्हणून बारा इंची रेकॉर्डच्या काळापासून दोन्ही टोकांना मोकळा ताल ठेवायची पद्धत पडली. स्पॉटिफायवर मात्र ३० सेकंद ऐकलं की एक स्ट्रीम धरतात. त्यापुढे तुम्ही दोन मिनिटं ऐका नाहीतर बारा, मोजणी तीच. आणि तिसाव्या सेकंदाच्या आत कुणी पुढे सरकलं, तर हाती शून्य. मग बेसला दीड मिनिट थांबवून ठेवायची हिंमत कोण करणार? अँबियंट, म्हणजे संथ, वातावरण उभं करणारं संगीत, करणाऱ्यांचं तर विचारूच नका. त्यांचा बारा मिनिटांचा ट्रॅक आणि दोन मिनिटांचं गाणं एकाच तराजूत!

त्यात २०२४ पासून नवा नियम आला. मागच्या १२ महिन्यांत किमान १,००० स्ट्रीम नसतील, तर त्या ट्रॅकला रेकॉर्डिंगची रॉयल्टीच नाही. एकेका ट्रॅकची रक्कम किरकोळ असते, मान्य. पण तो पैसा उंबरठा ओलांडलेल्यांमध्ये वाटला जातो. म्हणजे छोट्याच्या ताटातलं उचलून मोठ्याला वाढायचं. मला हे अन्यायाचं वाटतं. साउंडक्लाउड या दुसऱ्या स्ट्रीमिंग सेवेने २०२१ मध्ये वेगळा मार्ग काढला: ज्याने ऐकलं त्याचे पैसे, त्याने ज्यांना ऐकलं त्यांनाच. हे रास्त आहे, आणि सगळीकडे व्हायला हवं.

मी शोधतो कसा, तर नावांच्या मागे जाऊन. ट्रॅक आवडला की लेबल, म्हणजे तो काढणारी कंपनी, बघायचं, रीमिक्स कुणी केलंय ते बघायचं, मग डिस्कॉग्ज या रेकॉर्डींची नोंद ठेवणाऱ्या साइटवर त्या माणसाची बाकीची कामं काढायची. बँडकॅम्प या कलाकारांकडून थेट संगीत विकत घ्यायच्या साइटवर अल्बम घेणारे लोक दिसतात, त्यांच्यातल्या एखाद्याचा संग्रह उघडला की रात्र कमी पडते. अनोळखी माणसाची आवड आपल्याशी इतकी जुळावी, याचं मला अजूनही नवल वाटतं. बँडकॅम्पवर डिजिटल विक्रीतले १५ टक्के कंपनी ठेवते, आणि २०२० पासून काही ठरावीक शुक्रवारी तेही सोडते. मी खरेदी शक्यतो त्या दिवशीच करतो. पण याच कंपनीचे मालक २०२२ मध्ये बदलले, २०२३ मध्ये पुन्हा बदलले, आणि दुसऱ्या खेपेला जवळपास निम्म्या लोकांची नोकरी गेली. तेव्हापासून धंद्याच्या बातम्याही मी नव्या रेकॉर्डइतक्याच लक्ष देऊन वाचतो. उद्या हे दार बंद झालं, तर शोधायचं कुठे?

चरणजीत सिंग यांचं उदाहरण मला राहून राहून आठवतं. १९८२ मध्ये त्यांनी रोलंड कंपनीच्या टीबी-३०३ (बेसचं) आणि टीआर-८०८ (तालाचं) या यंत्रांवर राग वाजवून रेकॉर्ड काढली. त्याच टीबी-३०३च्या आवाजावर उभं राहिलेलं शिकागोचं नाचाचं संगीत, अ‍ॅसिड हाउस, रेकॉर्डवर यायला अजून काही वर्षं होती. तिच्याकडे कुणी फारसं बघितलं नाही. पुढे एका डच संग्राहकाच्या हाती ती लागली, २०१० मध्ये पुन्हा निघाली, आणि जगभरचे लोक थक्क झाले. ती सापडली ती कुणीतरी जुन्या रेकॉर्डी चाळत बसलं म्हणून.

कालच्या त्या ट्रॅकपुढे स्पॉटिफायवर आकडा नाही, फक्त ‘१,००० पेक्षा कमी’ अशी खूण आहे. मी तो रात्रीच विकत घेतला. त्या लेबलच्या आणखी सतरा रेकॉर्डी आहेत, आज तिसरीपर्यंत पोचलोय.