कोणत्या जपानचं उदाहरण देता?

विल्यम गिब्सनची ‘न्यूरोमान्सर’ ही विज्ञान-कादंबरी जपानमधल्या चिबात सुरू होते. मी राहतो त्या टोकियोतल्या निशि-कासाईहून तोझाई मेट्रो लाइनने दोन स्टेशनं गेलं की चिबा प्रांत लागतो. १९८४ सालच्या या कादंबरीत जपान म्हणजे उद्याचं जग, बड्या कंपन्या सरकारांना पुरून उरणाऱ्या. नव्वदच्या दशकात इथल्या अर्थव्यवस्थेचा फुगा फुटला. कादंबरीत सोव्हिएत संघ शाबूत आहे, खिशात मोबाइल कुणाच्याच नाही, आणि तीन मेगाबाइट रॅम हा चोरून विकण्याजोगा ऐवज आहे.

हे सगळं जुनं झालं. केसची गोष्ट मात्र झालेली नाही. केस हा हॅकर. मालकांनाच लुबाडलं म्हणून त्यांनी विष देऊन त्याच्या मज्जातंतूंची वाट लावली. नवा मालक ते दुरुस्त करून देतो, पण रक्तवाहिन्यांत हळूहळू विरघळणाऱ्या विषाच्या पिशव्या बसवून. काम वेळेत झालं तरच त्या निघणार. हुशारी केसची, शरीर मालकाच्या ताब्यात. आज वाचताना मला सगळ्यात जास्त भिडलं ते हे पान.

कारण गावाकडचे वाद. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला ७० तास काम करायला सांगितलं, दाखला दिला महायुद्धानंतरच्या जपान-जर्मनीचा. २०२५ च्या सप्टेंबरात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांत कामाचे तास दिवसाला ९ वरून १२ करायला मंजुरी दिली. प्रत्येक वेळी आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर ‘जपानी बघा कसे राबतात’ येतंच.

तो जपान १९५० चा. आजच्या जपानने अतिकामाने होणारे मृत्यू, ‘करोशी’, रोखण्यासाठी २०१४ साली कायदा केला. २०१९ पासून ओव्हरटाइमला महिन्याला ४५ आणि वर्षाला ३६० तासांची मर्यादा आहे, मोडली तर शिक्षा. अपवाद म्हणून महिन्याला १०० च्या आतपर्यंत जाता येतं, आणि ती पळवाट मला भयंकर वाटते. तरी इथे आमच्या कंपनीत महिनाअखेरीस एचआर प्रत्येकाचे जादा तास तपासतं आणि आकडा वाढला तर जाब मॅनेजरला द्यावा लागतो. माणसं मेली, घरच्यांनी कोर्टात वर्षानुवर्षं झगडा केला, तेव्हा हे मिळालं.

हिंजवडीत राबणाऱ्या माझ्या भाच्याला जपान दाखवायचाच असेल, तर ही मर्यादाही दाखवा. आणि त्याच्या तासांचा हिशेब कोण तपासतं, तेही सांगा.