फॉरमॅट मारायच्या आधी कारण विचारा

"गूगल चालतंय, यूट्यूब चालतंय, पण बँकेची साइट काही उघडेना की ओ!" ही तक्रार घेऊन सोलापुरात दुरुस्तीला गेलात तर बऱ्याच ठिकाणी एकच उत्तर मिळतं: विंडोज खराब झालंय, फॉरमॅट मारावं लागेल. मी याच धंद्यात आहे आणि मला या उत्तराचा मनापासून राग येतो.

फॉरमॅटमध्ये काय काय जातं बघा. टॅलीचा जुना डेटा, डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर, श्रीलिपीचे फॉन्ट, डेस्कटॉपवर ठेवलेले लग्नाचे फोटो. एवढं सगळं घालवून दोष राउटरमध्ये निघाला, तर साइट पुन्हा उघडत नाहीच.

काही साइट उघडतात याचा अर्थ नेट चालू आहे. मग पहिलं काम म्हणजे मोबाइलचा हॉटस्पॉट लावून त्याच कॉम्प्युटरवर तीच साइट उघडून बघायची. उघडली, तर कॉम्प्युटरला हात लावायचं कारण नाही, दोष लाइनमध्ये किंवा राउटरमध्ये शोधायचा. नाही उघडली, तर दोष बहुतेक मशीनमध्येच आहे. या एका तपासणीला पैसे लागत नाहीत, तरी ती कुणी करत नाही.

मशीनमध्ये दोष असेल तर मी आधी तारीख बघतो. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला की लाइट गेल्यावर घड्याळ मागं जातं. साइट खरी आहे हे ब्राउझरला पटवणारं ओळखपत्र म्हणजे सर्टिफिकेट, आणि प्रत्येक साइटच्या सर्टिफिकेटला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. घड्याळ कित्येक वर्षं मागं गेलं तर जवळजवळ सगळंच बंद पडतं. पण महिना-दोन महिने मागं असेल तर भलताच घोळ होतो: ज्यांचं सर्टिफिकेट काही महिन्यांपूर्वीच घेतलेलं आहे त्या साइट उघडतात, आणि ज्यांनी नव्वद दिवसांचं सर्टिफिकेट नुकतंच बदललंय त्या अडतात. सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

दुसरी गोष्ट जुन्या विंडोजची. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, आणि क्रोमची त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती १०९. त्यात ३० सप्टेंबर २०२१ ला एका जुन्या मूळ सर्टिफिकेटची (ज्याच्या भरवशावर साइटची सर्टिफिकेट खरी मानली जातात त्याची) मुदत संपली, तेव्हा अपडेट बंद ठेवलेल्या मशीनवर चांगल्या चालणाऱ्या साइटही अडल्या. फायरफॉक्स ब्राउझर मूळ सर्टिफिकेटची स्वतःची यादी बाळगतो, म्हणून तिथं ती साइट उघडते का हे बघायचं. साइटचा पत्ता आणि वाट ठरवणाऱ्या सेटिंग, म्हणजे प्रॉक्सी, होस्ट्स फाइल आणि डीएनएस, यांच्यावरही एक नजर टाकावी, त्याला फार वेळ लागत नाही.

खरा दमवणारा दोष मात्र राउटरमधला, एमटीयूचा, म्हणजे माहितीचा केवढा तुकडा एका वेळी जाऊ शकतो त्या मर्यादेचा. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात मी तो जवळून पाहिला. टॅबवरचं चक्र नुसतं फिरत राहायचं, एररही यायची नाही. नेटवरची माहिती तुकड्यातुकड्यांनी, म्हणजे पॅकेटांनी येते, आणि एका पॅकेटची नेहमीची कमाल मर्यादा १५०० बाइट. युजरनेम-पासवर्ड टाकून जोडणाऱ्या पीपीपीओई लाइनवर त्यातले ८ बाइट लाइनच्याच कामाला लागतात, उरतात १४९२. त्याहून मोठं पॅकेट आलं की वाटेतल्या यंत्रानं 'लहान करून पाठव' असा निरोप मागं धाडायचा असतो. काही ठिकाणी सुरक्षेच्या नावाखाली तो निरोपच अडवून ठेवलेला असतो. मग अरुंद दारातून सुटी चादर जावी आणि गठ्ठा अडकावा तसं होतं. साइटशी नमस्कार-चमत्कार होतो, आणि मोठं सर्टिफिकेट यायच्या वेळी सगळं ठप्प.

तिथं 'पॅकेट तोडायचं नाही' ही अट घालून पिंग केलं, म्हणजे ठरावीक मापाचं चाचणीचं पॅकेट पाठवून उत्तर येतं का ते बघितलं. १४७२ बाइट जाईना, १४६४ गेलं. त्यात हेडरचे, म्हणजे पॅकेटवरच्या पत्त्या-बित्त्याचे, २८ मिळवले की बरोबर १४९२. राउटरमध्ये एमटीयू १५०० होता तो १४९२ केला, आणि बँकेचं लॉगिन पान समोर आलं. हिशोब बघणाऱ्या ताई म्हणाल्या, "एवढंच होतं व्हय?" त्यांना आधी दुसऱ्या कुणीतरी फॉरमॅट सांगितलं होतं, आणि त्या मशीनवर कारखान्याचे जुने सगळे हिशोब होते.

आमच्या लोकांची एक अडचणही सांगतो. फॉरमॅटचा दर ठरलेला असतो, गिऱ्हाईक तो देतं. अर्धा तास बसून कारण शोधलं आणि एक आकडा बदलला, तर "काहीच तर केलं नाही, पैसे कशाचे?" असं ऐकावं लागतं. शोधण्याचे पैसे द्यायची तयारी ठेवा. डॉक्टरची तपासणी फी आपण देतोच ना!

आणि सर्टिफिकेटचा इशारा आला की 'ॲडव्हान्स्ड'वर जाऊन पुढं ढकला, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. बँकेच्या साइटवर तर अजिबात नाही. घड्याळ चुकलंय की मधे कुणी माहिती चोरायला बसलंय, हे त्या इशाऱ्यावरून दरवेळी खात्रीनं ओळखता येत नाही.

फॉरमॅटची खरी गरजही पडते. व्हायरसनं पोखरलेलं मशीन असेल तर मीही तेच करतो. पण आधी बॅकअप घ्यायला लावा, तो दुसऱ्या मशीनवर उघडून बघा, आणि फॉरमॅट कशासाठी केलं ते बिलावर लिहून मागा.