टॅक्सीचा हिशेब

आज एका स्नेह्यांकडे जेवायला जमलो असताना, इंग्लंडमध्ये अर्धे आयुष्य काढलेल्या एका गृहस्थांनी आम्हाला सुनावले की हल्ली इकडे प्रत्येक मुलाला ऑटिझम असतो, आईवडिलांना काउन्सिलकडून, म्हणजे इथल्या नगरपालिकेकडून, मुलाला शाळेत न्यायला फुकट टॅक्सी हवी असते आणि म्हणूनच आपला काउन्सिल टॅक्स वाढतो. मी काउन्सिलच्या विशेष शिक्षण विभागात केसवर्कर आहे, हे त्यांना चांगले माहीत होते. यजमानांच्या घरी वाद नको म्हणून मी तेथे विषय बदलला. येथे बदलणार नाही.

2014 च्या चिल्ड्रन अँड फॅमिलीज अ‍ॅक्टनुसार, शाळेच्या नेहमीच्या मदतीपलीकडे आधार लागणाऱ्या मुलांसाठी काउन्सिलने शिक्षण, आरोग्य आणि देखभाल यांचा एकत्रित आराखडा करायचा असतो. त्यालाच आम्ही ईएचसीपी म्हणतो आणि तो गरजेनुसार वयाच्या 25 वर्षांपर्यंत चालू राहू शकतो. मुलाच्या गरजांची तपासणी करणार की नाही हे अर्ज आल्यापासून 6 आठवड्यांत कळवायचे आणि आराखडा द्यायचा ठरल्यास तो 20 आठवड्यांत अंतिम करायचा, असा नियम आहे. 2023 मध्ये जेमतेम निम्मे आराखडे त्या मुदतीत झाले. तपासणीसाठी लागणारे एज्युकेशनल सायकॉलॉजिस्ट (शैक्षणिक मानसशास्त्रज्ञ) पुरेसे नाहीत, त्यामुळे त्यांचा अहवाल रखडतो, अहवालामुळे आराखडा रखडतो, आणि संतापलेल्या पालकांचा फोन घ्यायला उरतो तो केसवर्कर.

अशाच एका फोनवर मला एक मराठी आई भेटली. ओळख पटेल असे काहीही मी लिहिणार नाही. माझ्या आडनावावरून तिने ओळखले आणि इंग्रजी सोडून एकदम विचारले, “ताई, तुमचं पत्र येईल त्या पाकिटावर खात्याचं नाव असतं का? सासूबाई आल्या आहेत इथे.” तिने शाळेविषयी विचारले नाही, मदतीच्या तासांविषयी नाही आणि टॅक्सीविषयी तर नाहीच. मुलाविषयीची शंका नर्सरीतच व्यक्त झाली होती, परंतु मुलगे उशिराच बोलतात, त्याचे काकाही असेच होते, दोन भाषांमुळे गोंधळतो, अशी एकेक समजूत ऐकण्यात वर्षे गेली. कोणाच्या तरी सल्ल्याने घरातले मराठीही बंद झाले होते, म्हणजे आजी भारतातून आली तरी नातवाशी बोलणार कशी?

टॅक्सीचे म्हणाल तर, ज्या मुलाला एकट्याने बसने जाता येत नाही आणि ज्याला सामावून घेईल अशी शाळा चालत जाण्याच्या अंतरावर नाही, त्याला ती मिळते. जवळच्या विशेष शाळेत जागा नसेल तर मूल दूर पाठवावे लागते आणि भाडे वाढते; यात त्या मुलाने कोणता फायदा उपटला, हे मला कोणीतरी समजावून सांगावे. खर्च अतोनात वाढला आहे आणि काउन्सिलांच्या तिजोऱ्या तुटीत आहेत, हे मान्य. वकील परवडणारे पालक इतरांपेक्षा अधिक पदरात पाडून घेतात, हेही मान्य. आम्हीदेखील काही धुतल्या तांदळाचे नाही: आम्ही नकार द्यायचा, पालकांनी ट्रायब्यूनलकडे, म्हणजे अशी अपिले ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाकडे, जायचे आणि निकालापर्यंत पोहोचलेली बहुतेक अपिले पालकांच्याच बाजूने लागायची, हे सर्वांच्या डोळ्यांदेखत वर्षानुवर्षे चालले आहे.

मात्र ती आई ट्रायब्यूनलपर्यंत जाणाऱ्यांतली नव्हतीच. आराखड्याचा मसुदा हाती आल्यावर मत कळवायला पालकांना किमान 15 दिवस मिळतात. काहींचे मसुदे लाल शेऱ्यांनी भरून परत येतात, कारण स्पीच थेरपी आठवड्यातून किती वेळ आणि कोणाकडून, हे आराखड्यातल्या सेक्शन एफमध्ये, म्हणजे मुलाला द्यायच्या मदतीच्या भागात, नेमके लिहून घेतले नाही तर काउन्सिलला धरता येत नाही, हे त्यांना ठाऊक असते. हिचा मसुदा मात्र जसाच्या तसा परत आला. मी फोन केला तेव्हा ती म्हणाली, “पुरे आहे ताई, जास्त मागितलं तर लोक म्हणतील फायदा घेतात.”

ते लोक कोण, हे आज मला जेवणाच्या टेबलावर कळले.

काउन्सिलच्या खुर्चीत बसून “आणखी मागा” असे तिला मी सांगू शकत नव्हते. प्रत्येक काउन्सिलच्या हद्दीत पालकांसाठी मोफत आणि निष्पक्ष सल्ला सेवा असणे कायद्याने बंधनकारक आहे; त्या सेवेचा क्रमांक मी तिला दिला आणि मत कळवण्याची मुदत वाढवून घेतली. पुढचे तिचे खासगी आहे.

त्या गृहस्थांवरचा राग लिहिता लिहिता थोडा ओसरला आहे, कारण त्यांच्याही घरात उद्या असे मूल असू शकते आणि तेव्हा तेही पाकिटाचीच चौकशी करतील. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या ज्यांच्या मनात आपल्या मुलाविषयी शंका आहे, त्यांनी एवढे लक्षात ठेवावे की तपासणीचा अर्ज पालक स्वतः करू शकतात. त्यासाठी शाळेची परवानगी लागत नाही आणि आधी निदान झालेले असण्याचीही अट नाही. मसुदा मराठीत समजून घ्यायचा असेल तर मला निरोप पाठवा. तुम्ही माझ्याच काउन्सिलच्या हद्दीत राहत असाल तर मला स्वतःला मदत करता येणार नाही, परंतु दुसऱ्या कोणाशी तरी गाठ घालून देईन. आणि हो, आमची पत्रे हल्ली ईमेलनेही येतात.