चौथ्या मजल्यावरचे ढेकूण

दादरच्या आमच्या इमारतीत बाग म्हणजे खिडकीच्या लोखंडी ग्रिलमध्ये कोंबलेल्या सात कुंड्या, आणि त्या सातांत मान एकाच कुंडीला आहे: आईच्या लाल जास्वंदीला. तिचे एक फूल रोज सकाळी गणपतीला जाते आणि ते मिळाले नाही, तर त्याचा जाब गणपती विचारत नाही, आई विचारते. त्यामुळे ऑक्टोबरच्या उकाड्यात कोवळ्या शेंड्यांवर पिठी भुरभुरल्यासारखा पांढरा थर दिसू लागला आणि कळ्या उमलण्याआधीच गळू लागल्या, तेव्हा हे प्रकरण निस्तरण्याची जबाबदारी, घरात दुसरा रिकामा माणूस नसल्यामुळे, माझ्यावर आली.

रोपवाटिकेतल्या माळ्याने मोबाइलवरचा फोटो पाहताच निदान केले: ‘मिलीबग. म्हणजे पिठ्या ढेकूण.’ नाव इतके समर्पक होते की त्या कौतुकाच्या भरात मी ते लिफ्टमध्ये मोठ्याने उच्चारले. ज्या शहरात आमच्या मागच्या पिढ्यांनी खाटा उन्हात आपटून आणि फटींत उकळते पाणी ओतून ढेकणांशी दावा मांडला, तिथे हा शब्द विशेषणासकट कोणाच्या कानात शिरत नाही. ‘पिठ्या’ तळमजल्यावरच गळून पडला. संध्याकाळपर्यंत ‘चौथ्या मजल्यावर ढेकूण झाले आहेत’ ही बातमी दोन्ही विंगांत पोहोचली होती, आणि उसनी नेलेली साखर परत करायला आलेल्या शेजारच्या वहिनींनी, ‘बसा ना’ असे आईने तीनदा म्हणूनही, सोफ्याकडे नुसते पाहिले.

मी मात्र कामाला लागलो होतो. पिठ्या ढेकूण झाडाचा रस शोषतो आणि अंगावर मेणाचा लेप बाळगतो. त्यामुळे फवारलेले पाणी त्याच्यावरून घरंगळून जाते आणि आधी तो लेप खरवडावा लागतो. त्यासाठी मी जुना टूथब्रश आणि साबणाचे पाणी घेऊन ग्रिलमध्ये अर्धा आत, अर्धा बाहेर असा बसू लागलो. जेमतेम तीन-चार मिलिमीटरचे हे किडे जागचे फारसे हलतही नसल्यामुळे त्यांना मारण्यात पराक्रमाचे समाधान नव्हते. पण त्यांच्यात काही आडदांड मंडळी होती: सेंटिमीटरभर लांब, अंगावर पांढऱ्या झिपऱ्या आणि चालही बऱ्यापैकी चपळ. हे त्यांचे सरदार असावेत, असे मी ठरवून टाकले. चार दिवसांत अकरा सरदार पाडले आणि रोजचा आकडा रात्री जेवताना आईला सांगितला.

पाचव्या दिवशी प्राणिशास्त्र शिकणारी माझी भाची आली. तिने बाराव्या सरदारावर भिंग धरले आणि शांतपणे म्हणाली, ‘मामा, हा पिठ्या ढेकणांना खातोय.’

ती क्रिप्टोलिमस नावाच्या ढालकिड्याची, नाहीतर त्याच्या एखाद्या भाऊबंदाची अळी होती. हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा भुंगेरा १८९८ मध्ये खवले किडीच्या बंदोबस्तासाठी भारतात आणला गेला आणि पुढे पिठ्या ढेकणांचा काळ म्हणून नावाजला. त्याची अळी दिसते थेट आपल्या भक्ष्यासारखीच, आणि वाढीच्या काळात अशी शेकडो पिल्ले-अंडी फस्त करते. म्हणजे आमच्या झाडावर फुकट पहाऱ्याला आलेले अकरा शिपाई मी टूथब्रशने घासून मारले होते आणि चोरांना त्यांच्या गतीने वाढू दिले होते. आईने त्या रात्री आकडा विचारला नाही.

भाचीने मग युद्धाची आखणी बदलली. ढेकणांच्या गोड स्रावासाठी मुंग्या त्यांची राखण करतात आणि भक्षक किड्यांना हुसकावतात, म्हणून आधी मुंग्या अडवायच्या. कुंडीखालच्या तिवईच्या पायांना व्हॅसलीन फासले. मुंग्यांनी कपडे वाळत घालण्याच्या दोरीचा स्कायवॉक केला. दोरी हलवली. मग लिटरभर कोमट पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि द्रवसाबणाचे काही थेंब घालून ते मिश्रण मधमाश्या फिरकत नाहीत अशा संध्याकाळच्या वेळी, तेही अळ्या नसलेल्या शेंड्यांवरच फवारायचे ठरले. तिसऱ्या मजल्यावरच्या पांढऱ्या चादरीला तो वास किती दिवस राहिला, हे मला दोनदा जिन्यात ऐकवण्यात आले आहे.

नव्या फुटव्यावर कळ्या धरू लागल्या होत्या, तोच रविवारी सेक्रेटरी काकांनी पाठवलेला पेस्ट कंट्रोलवाला पाठीवर पंप अडकवून दारात उभा राहिला.

‘साहेब, ढेकूण आहेत ना?’

‘आहेत, पण थोडे ठेवायचे आहेत.’

त्याने पंप खाली ठेवला. सगळे मारले तर त्यांना खाणारे उपाशी मरतील किंवा निघून जातील, आणि तुमच्या औषधाने आधी तेच मरतील, मेणाखाली दडलेली अंडी मात्र उरतील, हे मी त्याला जास्वंदीकडे बोट दाखवून सविस्तर सांगितले. तो अतिशय सहानुभूतीने ऐकत होता. मध्येच त्याने आईकडे पाहून ‘कधीपासून?’ असेही हळूच विचारले. मग वही पुढे करून सही मागितली. सही करताना मी वरची ओळ वाचली:

‘४०३. ढेकूण आहेत. मालक मारू देत नाहीत.’