आयकिया: ‘एकच साचा जगभर चालला’ म्हणणाऱ्या पोस्टला उत्तर

आयकिया या स्वीडिश फर्निचर कंपनीबद्दल सध्या हातोहात फिरणाऱ्या पोस्टचा सारांश असा: एका स्वीडिश माणसाने सुटं फर्निचर चपट्या खोक्यात विकायची युक्ती शोधली, हलका माल वापरून किंमत पाडली, गिऱ्हाइकाला भुलभुलैयात फिरवलं, तोच साचा जसाच्या तसा देशोदेशी नेला, भारतही जिंकला आणि ट्रस्टच्या आडून कर चुकवला. तात्पर्य: ‘सिस्टिम बनवा, कॉपी करा.’ एकेक दावा घेऊ.

‘चपटं खोकं आयकियाने शोधलं’

नाही. मिखाएल थोनेटची वाकवलेल्या लाकडाची 14 क्रमांकाची खुर्ची 1859 ची आहे. लाकडाचे सहा भाग, दहा स्क्रू, दोन नट. सुट्या केलेल्या 36 खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात बसत. खुद्द स्वीडनमध्ये एनके या डिपार्टमेंट स्टोअरने 1940 च्या दशकात घरी जोडायचं फर्निचर विकलं होतं. आयकियाचे गिलिस लुंडग्रेन यांनी गाडीत मावेना म्हणून टेबलाचे पाय काढले, तो किस्सा 1956 च्या आसपासचा. आयकियाचे संस्थापक इंग्वार काम्प्राद यांनी 1943 मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी सुरू केलेला धंदा पुढे मागणीप्रमाणे माल घरपोच पाठवण्याचा झाला. वाटेत टेबलांचे पाय मोडत आणि खोक्यात जागा अडे ती हवेची. म्हणजे गरज जुनी, उत्तरही जुनं. नवं होतं ते सगळा धंदाच त्या उत्तराभोवती बांधणं.

‘स्वस्त, कारण माल हलका’

अर्धं खरं, आणि हे अर्धं नीट समजून घ्यायला हवं.

‘लॅक’ हे छोटं टेबल घ्या. 55 बाय 55 सेंमी, उंची 45. वरचा भाग जाडजूड दिसतो, पण कापला तर कडेने बोर्डची चौकट, वर-खाली पातळ पापुद्रा आणि आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखा कागद. पोकळ दरवाजे बनवायचं तंत्र टेबलाला लावलंय, त्यामुळे लाकूड कमी लागतं आणि वजन उतरतं. बिघडतं कुठे, तेही याच रचनेत आहे. मधोमध स्क्रू मारलात तर तो कागदात जातो, पकड घेत नाही. पकड फक्त पायांच्या कोपऱ्यांत. पावसाळ्यात ओली छत्री टेकवून ठेवली, कडेतून पाणी आत गेलं की बोर्ड फुगतो, आणि फुगलेला बोर्ड वाळल्यावर बसत नाही. मरीन प्लायची अपेक्षा ठेवून हे घेतलं तर फसवणूक वाटणारच.

पण फक्त हलक्या मालाने किंमत इतकी पडत नाही. इथे आधी किंमत ठरते, मग वस्तू. ‘बँग’ या कॉफीच्या मगाचं उदाहरण धंद्यातले लोक नेहमी देतात. पहिल्या आकाराचे एका पॅलेटवर, म्हणजे माल रचून न्यायच्या लाकडी फळीवर, 864 मग मावत. आकार बदलला, 1,280 झाले. मग बुटका केला, कान बदलला, 2,024. माती तीच आणि भट्टी तीच, वाहतुकीचा खर्च मात्र निम्म्याहून कमी. जोडीला प्रचंड संख्या आणि पुरवठादारांशी वर्षानुवर्षांचे करार. 1950 च्या दशकात स्वीडनमधल्या फर्निचरवाल्यांनी कारखानदारांवर दबाव आणून आयकियाचा माल तोडला, तेव्हा काम्प्राद 1961 मध्ये पोलंडला गेले. स्वस्त उत्पादनाचा पाया तिथे पडला, तोही नाइलाजाने.

दर्जावर बोट ठेवायचंच असेल तर ठेवायची जागा दुसरी आहे. जून 2016 मध्ये ‘माल्म’ आणि तशाच ड्रॉवरच्या कपाटांपैकी सुमारे 2.9 कोटी नग अमेरिकेत परत मागवावे लागले, कारण ती मुलांच्या अंगावर पडत होती. वरचे ड्रॉवर एकदम उघडले किंवा मूल खालच्या ड्रॉवरवर चढलं की तोल पुढे जातो. भिंतीला बांधायची पट्टी खोक्यात असते, भिंतीत मारायचा स्क्रू सहसा नसतो, कारण भिंत कुठे जिप्समची तर कुठे विटेची. आपल्याकडे विटेच्या भिंतीला ड्रिल मारून प्लग ठोकावा लागतो, आणि नेमकी तीच पायरी लोक सोडून देतात.

‘भुलभुलैयात अडकवून खरेदी करवतात’

रस्ता वळणावळणाचा आहे आणि हेतुपुरस्सर आहे, यात वाद नाही. पण मधले शॉर्टकटही आहेत, फलकावर दाखवलेले. खरा पैसा त्या रस्त्याच्या शेवटी वाचतो. वस्तूच्या किमतीच्या चिठ्ठीवरचा रांग-क्रमांक पाहून गिऱ्हाईक स्वतः गोदामातून खोकं उचलतं. उचलणारा, बांधणारा, पोचवणारा आणि जोडणारा, या चौघांची मजुरी एका गिऱ्हाइकाने फुकटात केली. हे लक्षात ठेवा, भारताच्या मुद्द्यात लागेल.

‘तोच साचा जसाच्या तसा सगळीकडे’

पोस्टमधला सगळ्यात चुकीचा दावा हा. जपानमध्ये आयकिया 1974 मध्ये गेली आणि 1986 मध्ये गाशा गुंडाळून परतली. घरं लहान, स्वतः जोडायची सवय नाही. पुन्हा दुकान उघडलं 2006 मध्ये, फुनाबाशीला, छोट्या खोल्यांचा अभ्यास करून.

अमेरिकेत पहिलं दुकान 1985 चं, फिलाडेल्फियाजवळ. तिथे पलंग सेंटिमीटरच्या मापाचे निघाले, त्यांना अमेरिकी चादरी बसेनात. पाण्याचे पेले इतके लहान वाटले की लोक फुलदाण्या घेऊन त्यातून पाणी पिऊ लागले. मापं बदलली तेव्हा गाडी रुळावर आली.

चीनमध्ये, 1998 ला शांघायपासून, उलटाच पेच. युरोपात जो माल स्वस्त, तो तिथल्या नोकरदाराला महाग; शिवाय नक्कल शेजारच्या बाजारात तयार. कंपनीने उत्पादन तिथेच वाढवलं आणि वर्षानुवर्षं भाव उतरवले. ‘लॅक’ टेबल 120 युआनवरून 39 युआनवर आलं.

आणि सगळीकडे ‘कंपनी’ एकच नाही. नाव आणि पद्धत नेदरलँड्समधल्या इंटर आयकियाकडे; दुकानं फ्रँचायझीची, म्हणजे फी भरून ते नाव वापरणाऱ्या कंपन्यांची. भारतात आणि युरोपच्या बहुतेक देशांत इंगका, सिंगापूर-मलेशियात इकानो, दुबईत अल-फुत्तैम. दुबईला राहिलेल्या मराठी मंडळींनी भारताआधी पाहिलेलं आयकिया हे अल-फुत्तैमचं.

‘ट्रस्टमुळे करच नाही’

इंगकाची मालकी 1982 च्या एका डच फाउंडेशनकडे आहे हे खरं. पण फाउंडेशन मालक असलं म्हणून दुकानाचा प्राप्तिकर माफ होत नाही. वादाचा मुद्दा दुसराच आहे: प्रत्येक फ्रँचायझी विक्रीच्या 3 टक्के फी इंटर आयकियाला देते, त्यामुळे नफ्याचा तो भाग विक्रीच्या देशातून हलतो. डच अधिकाऱ्यांनी इंटर आयकियाला दिलेल्या कर-सवलतींची युरोपीय आयोगाने डिसेंबर 2017 मध्ये चौकशी सुरू केली ती याच पैशाबद्दल. टीका करा, पण या तीन टक्क्यांवर करा.

‘भारतही जिंकला’

जून 2012 मध्ये दुकानं उघडण्यासाठी अर्ज, 10,500 कोटींच्या गुंतवणुकीचा प्रस्ताव, 30 टक्के माल भारतातून घेण्याची अट, आणि पहिलं दुकान 9 ऑगस्ट 2018 ला, हैदराबादला. मग डिसेंबर 2020 मध्ये नवी मुंबईतलं तुर्भे, 2022 मध्ये बंगळुरू. 2023-24 मध्ये विक्री सुमारे 1,800 कोटी आणि तोटा सुमारे 1,300 कोटी. याला जिंकणं म्हणत नाहीत. सुरुवातीची गुंतवणूक म्हणा हवं तर.

कारणं मोजता येतात. 2020 च्या अर्थसंकल्पात फर्निचरवरचं आयात शुल्क 20 वरून 25 टक्के झालं. स्पर्धा दुसऱ्या ब्रँडशी कमी आणि उल्हासनगरच्या फर्निचर बाजाराशी जास्त, किंवा घरी येऊन प्लायवर सनमायका चिकटवून मापात कपाट उभं करणाऱ्या सुताराशी. वर सांगितलेली चौघांची मजुरी इथे वाचतच नाही: लोकलने आलेलं गिऱ्हाईक खोकं नेणार कसं? टेम्पो आणि जोडणारा माणूस पुरवावा लागतो, आणि तो खर्च बिलात तरी येतो, नाहीतर ताळेबंदात.

जोडणीतही घराचं माप आडवं येतं. ‘पॅक्स’ कपाटाचा उंच सांगाडा 236 सेंमी उंच, पुढून मागे 58. जमिनीवर आडवा जोडून उभा करायचा तर कर्ण 243 सेंमी भरतो. फॉल्स सीलिंगखाली आठ फूट, म्हणजे 244 सेंमी, असतील तर एक सेंमी उरतो. मध्ये पंखा, बीम किंवा पीओपीची पट्टी आली की तोही नाही. मग 201 सेंमीचा सांगाडा घ्या, नाहीतर सुताराला बोलवा.